मायच्या मांडीवरचा इको

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांपुढं चहाच्या टपऱ्या आल्या, साहेबांच्या गाड्या धुरळा उडवत फिरू लागल्या. आला नाही तो फक्त पाऊस. सलग दुसरं साल कोरडं गेलं. नळ फुसफुस करून गप्प बसायचे आणि टँकर आला की बायका अशा धावायच्या, की कुणाची चप्पल कुठं राहिली याचा पत्ता लागायचा नाही. पण माणूस मोठा अजब प्राणी बघा! घरात प्यायला पाणी नाही, आणि लातूरच्या गाणाऱ्या माणसांना त्या साली ध्यास लागला होता इकोचा.

इको म्हणजे काय, हे आधी सांगून टाकलेलं बरं. इको म्हणजे एक डबा. माईकची वायर डब्यात घालायची, डब्याची वायर आवाज मोठा करणाऱ्या मशीनमध्ये घालायची, आणि मग तुम्ही "जय भीम" म्हणालात की भोंगा "जय भीम, भीम, भीम" म्हणतो. संपलं! एवढ्यासाठी माणसं येडी झाली होती. ज्या गायन पार्टीकडं इको, तिलाच सुपारी. ज्या पार्टीकडं नाही, तिनं घरी बसावं आणि रिकाम्या घागरीत तोंड घालून गावं.

केरबा सोनकांबळेच्या पार्टीकडं इको नव्हता.

पार्टी म्हणजे तरी काय, सगळं घरचंच खटलं. केरबा पेटी वाजवायचा. थोरला व्यंकटी दिवसा डाळ मिलमध्ये पोती उचलायचा आणि संध्याकाळी ढोलकी बडवायचा. केरबाची बायको भामाबाई मागं बसून कोरस धरायची. आणि माईकवर पंचशीला. ती केरबाची धाकटी. मॅट्रिकला इंग्रजीनं तिचा घात केला आणि तेव्हापासून ती मिलमध्ये डाळ निवडायला जायची. हात डाळीत आणि डोकं गाण्यात. निवडता निवडता ती ओळीला ओळ जुळवायची आणि शेजारणीला म्हणून दाखवायची. शेजारीण हसली की ओळ पक्की.

एके काळी केरबाच्या आवाजाला माईक लागत नव्हता. पण मिलमध्ये राबताना भुस्सा वर्षानुवर्षं घशात बसत गेला आणि एका कार्यक्रमात भर गाण्यात त्याचा आवाज फाटला. लोक कुजबुजायला लागले. तेव्हा मागून, कोरसमधून, पंचशीलानं ती ओळ उचलली आणि गाणं पार नेलं. त्या दिवसापासून गायची ती. स्टेजमागच्या कापडावर मात्र अक्षरं होती, "केरबा सोनकांबळे आणि पार्टी". तिनं कधी त्याबद्दल ब्र काढला नाही.

मार्च सरताना जयंती कमिटीचा अध्यक्ष धम्मपाल वाघमारे घरी आला. नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क होता, त्यामुळं त्याच्या बोलण्याला वजन आलं होतं. खाटेवर बसला, पाणी नको म्हणाला आणि मुद्द्यावर आला.

"आबा, औंदा जयंतीला मुकाबला ठेवून राहिलो आपण. समोर हदगावचा किशन शाहीर. तिकडून सवाल, इकडून जवाब. पण खरं बोलू का? राग मानू नका. पोरीचा आवाज कोरडा लागतोय. किशनकडं असा इको हाय, की तो शिंकला तरी टाळ्या पडतात. तुमी इको आणा. न्हाई जमलं तर नांदेडची एक बाई हाय, तिला बोलवू गायला. पेटी तुमीच वाजवा, ढोलकी पोरानंच वाजवावी."

"आन् पंचशीला?" भामाबाईनं चुलीपासून विचारलं.

"बसंल की मागं, कोरसात," धम्मपाल म्हणाला.

पंचशीला दाराआड उभी होती. कोरसात! ज्या जागेवरून उठून ती पुढं आली, त्याच जागेवर हा माणूस तिला परत बसवत होता, तेही घरी येऊन, खाटेवर बसून. तिला वाटलं, आबा आता काहीतरी बोलतील. म्हणतील, की माझी पोरगी गाणार, न्हाई तर आमची पार्टी येणार न्हाई. पण केरबा पेटीवरची धूळ पुसत राहिला. "बघतो," एवढंच म्हणाला. तो शब्द तिला फार लागला.

चारा नव्हताच, त्यामुळं दोन शेळ्या विकायच्याच होत्या. त्या विकल्या आणि तिघं बापलेक गंजगोलाईच्या बाजारात गेले.

गोलाईच्या एका गल्लीत शिवलिंग अप्पाचं दुकान होतं. रेडिओ, भोंगे, माईक, मशीन, सगळं विकायचा, भाड्यानंही द्यायचा. गोरागोमटा, कपाळभर भस्म, तोंडाचा पट्टा सदा चालू. त्यानं आधी काचेच्या कपाटातून टेपवाला इको काढला. फॉरेनचा. आत टेप फिरायची आणि आवाज पकडून परत सोडायची. एका ऑर्केस्ट्रावाल्यानं विकायला ठेवला होता. किंमत ऐकल्यावर केरबानं प्यायला पाणी मागितलं. त्या दिवसांत कुणाच्या दुकानात पाणी मागणं म्हणजे उधारी मागण्यापेक्षा वाईट. अप्पानं लगेच तो डबा आत ठेवला.

"मग हा घ्या," म्हणत त्यानं दुसरा काढला. लाल-हिरव्या दिव्यांचा, चकचकीत. "गरिबाचा राजा हाय हा. बोला यात."

आता इथं या लोकांनी जी चूक केली, ती मराठवाड्यात माईक आल्यापासून सगळेच करत आलेत. केरबा माईकपुढं गेला आणि म्हणाला, "हॅलो." भोंगा म्हणाला, "हॅलो, लो, लो, लो." व्यंकटी म्हणाला, "माईक टेस्टिंग." भोंगा म्हणाला, "टेस्टिंग, टिंग, टिंग, टिंग." रस्त्यावरची माणसं थांबली. एक रिक्षावाला आत शिरला आणि आपलं नाव सांगून गेला. उसाचा रसवाला आला, त्यानंही नाव सांगितलं. सगळ्यांचे चेहरे लग्नातल्यासारखे खुलले. पंचशीलानंही "हॅलो" म्हटलं, आणि तिचा तो पातळ आवाज गल्लीभर फिरून आला तेव्हा तिला खरंच रडू फुटायचं बाकी राहिलं. कोरडा म्हणे! कुठाय कोरडा?

एका कोपऱ्यात करड्या पत्र्याचा एक लांबट डबा पडला होता. त्यावर टेबलपंखा ठेवलेला. "हा कसला?" व्यंकटीनं विचारलं.

"तो सोडा," अप्पा हात झटकत म्हणाला. "स्प्रिंगवाला हाय. आत बारीक स्प्रिंगा ताणल्यात, त्यातून आवाज थरथरत जातो. दिवा न्हाई, दिमाख न्हाई. धक्का लागला की असा ओरडतो, की मंडपवाल्यानं दोनदा वापस आणून टाकला."

त्यांनी दिव्यांचा डबा घेतला आणि वाजतगाजत घरी आले.

चार दिवसांनी वस्तीत मारोती वाघमाऱ्याच्या नातवाचं बारसं होतं. म्हटलं, इथंच करू सुरुवात. आता गायन पार्टीच्या कार्यक्रमाची रीत अशी, की गाणं आवडलं की माणूस उठून रुपया देतो आणि गाणारा माईकवरून त्याचं नाव घेतो. त्या दिवशी केरबानं पहिलं नाव घेतलं, "मारोती वाघमारे यांच्याकडून एक रुपया," आणि भोंग्यातून मारे, मारे, मारे असं घुमत गेलं. मारोती छाती काढून चारी बाजूंना बघायला लागला. मग काय विचारता! लोक गाणं संपायची वाट बघेनात. मारोतीनं पुन्हा दिला, आणि मग पुन्हा दिला. ज्यांनी आयुष्यात कुणाला विडी पाजली नाही, ते उठून रुपया देऊ लागले. बाळाचं नाव राहिलं बाजूला, आजोबाचंच बारसं झालं!

"जिंकलो आपण," केरबा घरी येताना म्हणाला. धम्मपालही मागं बसून मान डोलवून गेला होता. भामाबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लई भारी वाटलं बाई. काय म्हणून राहिलीस ते कळलं न्हाई, पण लई भारी वाटलं."

पंचशीला चालता चालता थबकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या रांगेत मायलेकी उभ्या होत्या. पुढं चांगुणा होती, शेजारचीच. पंचशीला म्हणाली, "माय, कालच्या गाण्यातली एक ओळ म्हण बरं."

"ओळ?" भामाबाई विचारात पडली. "त्ये आपलं… आई, आई, आई असं कायतरी होतं बघ."

"चांगुणामावशी, तुमी?"

"मला बाई एवढंच ध्यानात हाय, की मारोतीचं नाव तीनदा आलं," चांगुणा म्हणाली. "आन् त्याची बायको लई ताठली."

पंचशीलानं रांगभर विचारलं. कुणाला एक ओळ सांगता येईना. बाईच्या दुःखावरचं गाणं होतं ते, डाळ निवडता निवडता तिनं स्वतः जुळवलेलं, आणि त्यातला एक शब्द एका बाईच्या कानात पोचला नव्हता. एक शब्द सुटायचा, त्याचं शेपूट संपायच्या आत दुसरा येऊन त्यावर आपटायचा आणि सगळ्याचा काला व्हायचा. "हॅलो" एकटा असतो म्हणून गोड वाटतो. गाण्यात शब्द काय एकटे चालतात? तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरी येऊन बापापुढं उभी राहिली.

"आबा, हा डबा बदलायचा."

केरबाला वाटलं पोरगी मस्करी करतीय. मस्करी नाही हे कळल्यावर तो भडकला. "येडी झालीस का? लोकं नावावर रुपाया देतात!"

"मुकाबल्याला लोकं जवाब ऐकायला येतात. जवाब कळलाच न्हाई, तर मी काय नुसता गळा दाखवू?"

"आन् तुझा आवाज? कोरडा हाय म्हणून राहिला तो धम्मपाल. इको काढला तर लोकं काय म्हणतील?"

म्हणजे आबांनाही तसंच वाटत होतं तर! पंचशीलाचे कान तापले. "कोरडा तर कोरडा. कळंल तरी! हे बघा आबा, डबा मी निवडते. हरले, तर माझ्या पायानं माईकवरून उठते आन् मागं जाऊन बसते. बोलवा मग नांदेडची बाई. पुन्हा पुढं येणार न्हाई कधी."

व्यंकटी ढोलकीची दोरी ओढत बसला. शेवटी भामाबाईच उठली आणि पदर खोचत म्हणाली, "चल, मी येते." व्यंकटीही डबा उचलून मागं निघाला.

शिवलिंग अप्पानं परत आलेला डबा बघून कपाळाला हात लावला, तिथलं भस्म बोटांना लागलं. पण पंचशीलानं टेबलपंख्याखालचा तो करडा डबा मागितल्यावर त्याचा सूर एकदम मवाळ झाला. त्याला ती ब्याद जायलाच हवी होती. त्यानं जोडणी करून दिली आणि माईक पुढं केला. "म्हणा हॅलो."

"हॅलो म्हणणार न्हाई," पंचशीला म्हणाली. "माय, तू रस्त्याच्या पल्याड जा. रसाच्या गाड्यापाशी उभी ऱ्हा. मी म्हणते ते माघारी म्हणून दाखव."

गोलाईची वेळ दुपारची. हातगाडे, सायकली, रिक्षांचे भोंगे, रसवाल्याच्या चरकाच्या घुंगरांचा छनछनाट. भामाबाई पल्याड जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. व्यंकटीनं दुकानातल्या लाकडी खोक्यावर ठेका धरला आणि पंचशीलानं आपल्याकडचं सगळ्यात जलद कडवं सोडलं, ज्यात श्वास घ्यायलाही फट नव्हती. डबा मोठा गुणाचा निघाला. त्यानं शब्द परत परत उगाळला नाही. शब्दाला नुसता ओलावा दिला आणि सोडून दिलं.

पल्याडून भामाबाईनं ती ओळ जशीच्या तशी ओरडून म्हटली. दुसरीही म्हटली. तिसऱ्या ओळीला मात्र ती कमरेवरचा हात काढून ओरडली, "पंचे! हितं 'माऊली' होतं की गं, 'साऊली' कामून म्हणलीस?"

खरंच चुकली होती ती. पंचशीला माईकवरच खदखदून हसली आणि ते हसूसुद्धा रस्त्याच्या पल्याड स्वच्छ पोचलं. "अप्पा, बांधा हा," ती म्हणाली.

पण अप्पा खोटं बोलला नव्हता. घरी डबा पाटावर ठेवून तालीम सुरू केली. व्यंकटीनं ढोलकीवर थाप मारली तशी पाटाजवळची कोंबडी बिचकली आणि फडफडत डब्यावर आदळली. भोंग्यातून असा कडकडाट निघाला, की वीज घरात पडली म्हणावी! केरबा पेटीवरून मागं कलंडला. आणि बाहेर शेजारच्या घरावरच्या माळवदावर धावपळ ऐकू आली. चांगुणानं कुरडया वाळत घातल्या होत्या. पाऊस आला म्हणून ती बिचारी त्या गोळा करत सुटली होती. वर बघितलं तर कडक ऊन. तिनं त्या कोंबडीला, व्यंकटीला आणि सोनकांबळ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या.

"बघ!" केरबा उठत म्हणाला. "हे स्टेजवर झालं म्हंजे? तिथं तर फळ्या नाचत असतात."

टेबल नको, पाट नको, खाट नको. काय करावं? भामाबाईनं जुनी वाकळ चौघडी केली, मांडीवर घेतली आणि म्हणाली, "दे हितं. तुमा दोघांना मांडीवर घेऊन म्या तुरी खुडल्यात. हा काय हालतोय!" डबा तिच्या मांडीवर गेला आणि शहाण्या बाळासारखा गप्प बसला. व्यंकटीनं जीव तोडून ढोलकी बडवली तरी त्यानं हूं केलं नाही. "माय, एवढं ध्यानात ठेव," पंचशीलानं बजावलं. "डब्याला बोट लावायचं न्हाई." "न्हाई लावत," माय म्हणाली.

जयंतीचा दिवस उजाडला. रात्री लाईटीचा भरवसा नव्हता, म्हणून मुकाबला ऊन कलताच ठेवला होता. मैदान निळ्या पताकांनी भरलं, माणसं भिंतींवर, माळवदांवर, कडुलिंबाच्या झाडावर बसली. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या. कमिटीनं कुठून कुठून टँकर आणून पिण्याच्या पाण्याचे रांजण भरून ठेवले होते, त्यावर पहारा होता.

किशन शाहीर मोठा देखणा गडी. फेटा, जाकीट, आवाजात दाणा. त्याच्या डब्यावर दिव्यांची माळच होती. तो उठला, "जय भीम" म्हणाला आणि मैदान भीम, भीम, भीम करत हाललं. टाळ्यांवर टाळ्या. रुपये देणाऱ्यांची रांग लागली आणि नावं आभाळात घुमायला लागली. धम्मपालनं केरबाच्या कानाशी येऊन विचारलं, "तुमचा डबा कुठाय?" केरबानं मागं बोट केलं. भामाबाईच्या मांडीवर वाकळ, वाकळीवर करडा पत्रा. धम्मपालनं कडू घोट घेतल्यासारखं तोंड केलं, आणि पंचशीलानं ते पाहिलं. ती माईकवरून उठली असती, तर तेव्हाच उठली असती.

मग किशननं सवाल टाकला. सवाल मोठा तिखट होता:

"जिल्हा झाला, कचेरी झाली, साहेब बसले गाडीत गं,
घागर तुझी कोरडी ठाक, कशाला मिरवते साडीत गं?
लातूरच्या तू गाणारणी, जवाब दे या सवालाला,
पाणी न्हाई ज्या गावाला, त्याला जयंतीची मौज कशाला?"

पुढचे लोक हसले. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या, पण एकमेकांकडं बघत. पंचशीला माईकपाशी आली. तिनं पदर खोचला आणि मैदानाच्या पार टोकाला, लिंबावर बसलेल्यांकडं बघितलं.

"लिंबावरच्या भावांनो," ती म्हणाली, "किशनदादांचा सवाल पोचला का तुमच्याकडं?"

लिंब म्हणाला, "न्हाई!"

"माळवदावरच्या बायांनो, तुमाला?"

"न्हाई बाई! नुसता घोळ ऐकू येऊन राहिला!"

मैदानात हशा पिकला. "मग आधी त्यांचा सवाल मी सांगते," पंचशीला म्हणाली, "मग माझा जवाब ऐका." आणि तिनं किशनचा सवाल त्याच्याच चालीत, शब्दाला शब्द लावून गाऊन दाखवला. आता कुठं तो सगळ्यांना कळला आणि मैदान चपापलं. सवाल खरा होता. घरोघरच्या घागरी खरंच रिकाम्या होत्या. रांजणांवर खरंच पहारा होता. किशनही डोळे बारीक करून बघत राहिला. आपलाच सवाल त्यानं एवढा स्वच्छ कधी ऐकला नव्हता.

पंचशीलानं व्यंकटीकडं मान वळवली. ठेका पडला. हात डाळीत नव्हते, पण ओळी तशाच चालून आल्या:

"दोन सालं आभाळ रुसलं, त्याची कसली बात रं,
हजार सालं माणूस रुसला, बांधून ठेवले हात रं!
तळं भरलेलं, घाट बांधलेला, ओंजळीला मनाई रं,
भीमानं पहिला हात बुडवला, तीच आमची कमाई रं!"

कडवं संपलं तेव्हा टाळी पडली नाही. आणि मग लिंबावरून आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "ओंजळीला मनाई रं…" आणि लिंबावरच्यांनी पुढची ओळ पुरी केली, "भीमानं पहिला हात बुडवला, तीच आमची कमाई रं!" माळवदावरच्या बायांनी ती उचलली. बैलगाड्यांतल्या म्हाताऱ्यांनी उचलली. शब्द न् शब्द! पंचशीलानं माईक पुढं धरला आणि सबंध मैदानानं तिचं कडवं तिलाच गाऊन दाखवलं. अंगावर काटा म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. तिनं शेवटचं कडवं उचललं, आवाज होता नव्हता तेवढा लावून:

"नळाचं पाणी आज ना उद्या येईल आमच्या दारी रं,
माणसाचं ज्यानं आभाळ फोडलं, त्याची मी ललकारी रं!"

आणि मागं बसलेली भामाबाई! दिवसभर मुठी आवळून बसलेली बाई ती. कोरसात बसंल, असं धम्मपाल हिच्या लेकीला हिच्याच घरात बसून म्हणाला होता. डब्याला बोट लावायचं नाही, हे तिच्या ध्यानात होतं. तिनं बोट लावलंच नाही. तिनं सबंध तळहात उचलला आणि डब्यावर दणकन हाणला.

असा कडकडाट झाला, की बैल दावं ओढायला लागले. सगळं मैदान, स्टेजवर पाहुणे म्हणून बसलेल्या साहेबांसकट, वर बघायला लागलं. आभाळ कोरं करकरीत. मग कुठूनतरी चांगुणा केकाटली, "अगं माझ्या कुरडया!" आणि माणसं जी फुटली म्हणता! टोप्या उडाल्या, फेटे उडाले, मांडवाचे खांब हालले. किशन शाहीर पोट धरून हसत होता आणि हसता हसता टाळ्या वाजवत होता. तो स्वतः चालत आला, खिशातून रुपया काढला आणि पंचशीलाच्या हातावर ठेवला. "बहिणी, जवाब झाला," तो म्हणाला. "आन् डबा कुठं मिळतो तेवढं सांग."

धम्मपाल माईककडं निघाला. अध्यक्षानं दोन शब्द बोलायचे असतात ना! पण केरबा पेटीवरून आधीच उठला होता. त्यानं धम्मपालला हातानंच थांबवलं. मग कोपरीच्या खिशात चाचपून एक रुपया काढला आणि माईकपाशी आला. फाटक्या आवाजामुळं तो दोन वर्षांत माईकवर नावं घेण्यापलीकडं काही बोलला नव्हता. आताही त्यानं नावच घ्यायला सुरुवात केली.

"केरबा सोनकांबळे यांच्याकडून एक रुपया," तो म्हणाला. लोक हसले, बाप आपलंच नाव घेतोय म्हणून. केरबानं मागं फिरून त्या कापडाकडं बघितलं. "हा रुपया पार्टीला न्हाई. पार्टीच्या शाहिराला. म्या घाबरलो होतो, ती घाबरली न्हाई. आजपासून त्या कापडावरचं माझं नाव पुसलं समजा. आजपासून पार्टीचं नाव, पंचशीला सोनकांबळे आणि पार्टी."

त्यानं भामाबाईच्या मांडीवरच्या डब्याकडं बघितलं. नाव तीनदा घुमलं नाही. एकदाच आलं, थोडं ओलं होऊन, आणि लिंबावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही कळलं.